ओल, विहीर आणि खाडी : रायगड किनाऱ्यावरील उन्हाळी अन्नाचा इतिहास

उरण-रेवसपासून सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटच्या खाडीपर्यंतची किनारपट्टी आज रायगड जिल्ह्यात मोडते. तथापि हे नाव जिल्ह्याला १९८१ साली मिळाले, त्यापूर्वी तो कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जात असे, आणि मुरूड-श्रीवर्धनचा मुलूख तर १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात होता. या पट्टीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून उतारावरून समुद्रास मिळतो आणि पुढचे आठ महिने आकाशातून फारसे काही येत नाही. त्यामुळे चैत्र-वैशाखात येथील ताटात जे ताजे दिसते, त्यातील प्रत्येक जिन्नसामागे पाणी राखण्याची किंवा उपलब्ध पाण्याशी जुळवून घेण्याची कोणती तरी जुनी रीत उभी असते. ढोबळमानाने या रीती तीन आहेत : भातकापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर घेतलेले पीक, विहिरीच्या गोड्या पाण्यावर पोसलेली वाडी, आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यावरची उपजीविका. डोंगरउतारावरची झाडे या तिहींच्या बाहेरची, कारण त्यांना उन्हाळ्यात कोणी पाणी घालत नाही. त्यांची मुळेच ते काम करतात.

ओलीवरचे पीक म्हणजे भात कापून झाल्यावर त्याच खाचरात, जमिनीतील उरलेला ओलावा जिरण्यापूर्वी पेरलेले वा लावलेले पीक होय. वाल, पावटा, हरभरा यांसारखी कडधान्ये या पद्धतीने घेतली जातात. वालाच्या शेंगा हिवाळ्याच्या अखेरीस भरतात, तेव्हा मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करून शिजवलेली ‘पोपटी’ शेतावरच खाल्ली जाते. उन्हाळा लागेपर्यंत वाल वाळलेले असतात आणि मग ते भिजवून, मोड आणून, सोलून केलेले बिरडे ही घराघरांतली रोजची भाजी ठरते. ताजी भाजी दुर्मीळ होण्याच्या काळात मोड आलेले कडधान्य तिची जागा घेते, हे या प्रदेशाच्या स्वयंपाकाचे एक ठळक लक्षण मानावे लागेल.

ओलीवरच्या पिकांत सर्वाधिक नाव झाले ते अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटिअरमध्ये त्याचा उल्लेख आढळतो, म्हणजे त्या वेळीही तो नोंद घेण्याइतका रूढ झालेला होता. खंडाळे, कार्ले, नेहुली, सागाव, तळवली या अलिबाग तालुक्यातील गावांत भातानंतर त्याची रोपे लावली जातात आणि माघ-फाल्गुनापासून काढणी सुरू होते. या कांद्यात तिखटपणा कमी व गोडी अधिक असल्यामुळे तो शिजवण्यापेक्षा कच्चा खाण्यास योग्य असतो. काढणीनंतर पातीसकट सुकवून स्त्रिया त्याच्या वेण्या घालतात; ‘वेणी’ किंवा ‘माळ’ म्हणजे पातीत पात गुंफून केलेली कांद्यांची लड, आणि कांदा विकला जातो तोही याच मापाने. वेणीला केवळ शोभेचा अर्थ नाही. हवेशीर जागी टांगलेल्या वेणीत प्रत्येक कांद्याला वारा लागतो व तो दमट हवेत लवकर सडत नाही, म्हणून आढ्याला टांगलेल्या माळा ही पावसाळ्यासाठीची साठवणही असते. भिजवलेल्या पोह्यांऐवजी पातळ पोह्यांनाच खवलेले ओले खोबरे, नारळाचे पाणी आणि चिरलेला कांदा यांच्या ओलाव्यात दडपून ठेवून केलेले ‘दडपे पोहे’ हा चूल फारशी न पेटवता होणारा उन्हाळी पदार्थ म्हणजे शेत आणि वाडी यांचा मेळ होय : तांदूळ आणि कांदा शेतातला, नारळ वाडीतला.

‘वाडी’ किंवा ‘आगर’ म्हणजे समुद्रालगतच्या रेताड जमिनीत, विहिरीच्या पाण्यावर जोपासलेली नारळ-सुपारीची बाग. अलिबाग परिसराला ‘अष्टागर’, म्हणजे आठ आगरांचा प्रदेश, असे जुने नाव आहे व चौल, रेवदंडा, नागाव, अक्षी, थळ, किहीम ही गावे त्यात गणली जातात. किनाऱ्यालगत पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावर खणलेल्या उथळ विहिरीलाही गोडे पाणी लागते. मात्र उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. या विहिरींवर रहाट बसवलेला असे, ज्याच्या फिरत्या माळेला बांधलेली मडकी पाणी भरून वर आणीत आणि ते पाटाने झाडांच्या आळ्यांत सोडले जाई. रहाटाला जुंपलेला रेडा किंवा बैल जितके पाणी काढू शकतो तितकेच पाणी वाडीला मिळत असल्याने विहिरीचा तोल आपोआप राखला जाई. विजेच्या पंपाने ही मर्यादा काढून टाकली. खुद्द अलिबागचे नाव अली नावाच्या एका धनिकाने येथे विहिरी खोदून लावलेल्या बागांवरून पडले, असे परंपरा सांगते.

वाडी ही एका पिकाची नसते. उंच माडांच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढवलेला मिरीचा वा नागवेलीचा वेल, खाली केळी, अळू, जायफळ आणि कडेला जांब, फणस, आंबा अशी तिची मांडणी असते, त्यामुळे बाहेर चटका लागत असताना वाडीत ओलावा टिकतो. शहाळे, नारळाचे दूध, केळफुलाची भाजी, अळूचे फदफदे आणि पांढरे रसाळ जांब ही वाडीची उन्हाळी देणगी होय. या व्यवस्थेचे प्राचीनत्व परदेशी प्रवाशांच्या लेखनावरूनही ध्यानात येते. दहाव्या शतकाच्या प्रारंभी अरब लेखक अल-मसूदी सैमूर येथे, म्हणजे आजच्या चौल येथे, येऊन गेला आणि विड्याच्या पानाचे व सुपारीचे वर्णन त्याने केले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला आणि चार महिन्यांच्या पावसाचा व त्या काळात होणाऱ्या पेरणीचा उल्लेख त्याने आपल्या टिपणांत केला. ज्या चार महिन्यांचे त्याला नवल वाटले, त्यांच्याच हिशेबाने येथील उरलेले वर्ष चालत आले आहे.

चौल-रेवदंड्यास पोर्तुगीजांनी १५२१ साली किल्ला बांधण्यास आरंभ केला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती गेला. या दोन शतकांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर अमेरिका खंडातून आलेल्या काजू, मिरची, पपई, अननस, पेरू या वनस्पती रुजल्या. ओल्या काजूगरांची उसळ आज अस्सल कोकणी म्हणून ओळखली जाते, परंतु तिच्यातील काजू आणि मिरची हे दोन्ही जिन्नस सोळाव्या शतकापूर्वी या किनाऱ्यावर नव्हते. याउलट नारळ, आंबा, फणस, कोकम हे येथे फार जुने. ‘स्थानिक’ अन्न म्हणजे जे मुळात येथेच जन्मले ते, अशी व्याख्या केली तर रायगडच्या उन्हाळी ताटातून बरेच काही उचलावे लागेल. येथील पाण्याच्या आणि ऋतूच्या मापात जे बसले ते स्थानिक, ही व्याख्या इतिहासाला अधिक धरून आहे.

वाडीच्या कडेला व खाडीच्या बांधांवर उभे असलेले ताड हा वेगळा विषय आहे. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, छेदून जो रस मिळतो ती माडी, आणि ताडापासून मिळते ती ताडी. सूर्योदयापूर्वी उतरवलेला, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. झाडावर चढण्याचे व रस काढण्याचे हे कसब परंपरेने भंडारी समाजाकडे होते. ज्या पोयीचा रस काढला तिला फळ धरत नाही, त्यामुळे मादी ताडाच्या बाबतीत ताडी आणि ताडगोळे यांत निवड करावी लागते. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने रस काढण्यासाठी परवाना व झाडावर कर सक्तीचा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने या धंद्याला आणखी बांध घातला. ताडगोळ्यांवर मात्र असा निर्बंध कधी नव्हता. एका ताडफळात बहुधा तीन गर असतात. ते कोवळे असताना कोयत्याने फळ छाटून काढावे लागतात, चार-पाच दिवस उशीर झाला तर जून होतात आणि काढल्यावर दिवसभरात त्यांचे पाणी उतरते. म्हणून चैत्र-वैशाखात रस्त्याच्या कडेला पानांवर मांडलेले ताडगोळे हा आजही झाडापासून फार दूर न जाणारा खाऊ राहिला आहे.

डोंगरउतारावरील ‘वरकस’ जमीन, म्हणजे भाताच्या खाचराला अयोग्य, नाचणी-वरीपुरती उपयोगी पडणारी जमीन, पूर्वी रायवळ आंब्यांची होती. रायवळ म्हणजे कोयीपासून वाढलेले, प्रत्येक झाडाची चव निराळी असणारे आंबे. चोखून खाण्यास, रायत्यास आणि लोणच्यास ते योग्य. हापूस हा कलमी आंबा पोर्तुगीज अमलातील गोव्यात रुजलेल्या कलमांच्या कलेतून पुढे आला. रायगड जिल्ह्यात कलमांची लागवड वरकस जमिनीवर मोठ्या प्रमाणात पसरली ती रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीच्या कार्यक्रमामुळे, जो महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये सुरू केला. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाचे नाव त्या प्रदेशापुरते राखून ठेवणारी कायदेशीर नोंद, मिळाले तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे व पालघर यांच्यासह रायगडचाही त्यात समावेश झाला. आंबा दक्षिणेकडून उत्तरेकडे पिकत येत असल्याने देवगडच्या मागून रायगडचा आंबा बाजारात येतो. परिणामी त्याचा हंगाम पहिल्या पावसाशी अगदी भिडलेला असतो.

कोकमाची हीच अडचण अधिक तीव्र आहे. रातांबे, म्हणजे कोकमाची पिकलेली फळे, वैशाखात उतरतात; त्यांची साले त्यांच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून कडक उन्हात वाळवली की आमसुले होतात, रस मीठ घालून टिकवला की आगळ होते आणि बियांतून मुठेल नावाचे घट्ट तेल निघते. वळवाच्या एका सरीने वाळवण बिघडते, म्हणून ऊन हा येथे स्वयंपाकाचाच एक घटक ठरतो. जंगलातली करवंदे, जांभळे आणि आळू यांचा व्यापार ठाकर व कातकरी स्त्रियांच्या हाती राहिला असून पानांच्या द्रोणांत भरलेली करवंदे घाटरस्त्यांवर व स्थानकांवर त्याच विकतात. ब्रिटिश काळातील जंगल कायद्यांनी राखीव वनांतला वावर आखडला गेला. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेला जंगल सत्याग्रह या असंतोषाचाच आविष्कार होता. करवंदांच्या द्रोणाला हीही पार्श्वभूमी आहे.

तिसरे पाणी खाडीचे. अलिबाग व पेण तालुक्यांतील ‘खारेपाट’ हा खाडीला बांध घालून मिळवलेल्या भातजमिनीचा प्रदेश असून त्याचे बांध राखण्याचे काम ‘जोळ’ या गावकऱ्यांच्या सामूहिक व्यवस्थेकडे असे. येथे जमिनीखालचे पाणी खारे, म्हणून पावसाचे पाणी साठवणारी गावतळी हाच गोड्या पाण्याचा आधार. पावसाळ्यात भरतीबरोबर खाड्यांत शिरणारी जिताड्याची पिल्ले पकडून याच तळ्यांत सोडण्याची आगरी शेतकऱ्यांची रीत आहे. जिताडा खाऱ्या पाण्यात जन्मतो, परंतु गोड्या पाण्यात वाढू शकतो. उन्हाळ्यात तळी आटू लागली की ते मासे काढले जातात, म्हणजे पाण्याचा तुटवडा हाच येथे मेजवानीचा मुहूर्त ठरतो. याच खारेपाटात भाताच्या वाट्यावरून खोतांविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चालला. ज्या कुळाचा भात खळ्यावरूनच खोताकडे जात असे, त्याच्या घरात खाडीतल्या व तळ्यातल्या मासळीचे मोल किती असेल, हे या लढ्याच्या संदर्भात समजून घेता येते.

कोळीवाड्यांत उन्हाळा म्हणजे ‘आगोटी’चा काळ. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड, आणि आगोटीची बेगमी म्हणजे त्यापूर्वी करून ठेवलेली साठवण. बांबूच्या ‘वलांडी’वर जोडीजोडीने अडकवलेले बोंबील आणि वाळूवर पसरलेला जवळा यांना मीठ न लावताही ऊन व वारा पुरतो, जाड मासळीला मात्र मीठ लागते आणि ते पेण-उरणच्या मिठागरांतून मिळते, ज्यांचा हंगामही उन्हाळ्याचाच. सोललेली, वाळवलेली कोळंबी म्हणजे सोडे. पेणच्या घराघरांत त्याच दिवसांत पोह्यांचे पापड, मिरगुंडे, फेण्या आणि कुरडया अंगणात पसरलेल्या असतात. आंबापोळी, फणसपोळी व आंबोशी म्हणजे कैरीच्या वाळवलेल्या फोडी हीही याच वाळवणाची अंगे. जवळ्यात कैरी घालून केलेले कालवण हा ताज्या व सुक्याचा संगम आहे. सध्या १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. परंतु ही बंदी येण्यापूर्वीही खवळलेला समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत होड्यांना किनाऱ्यावरच ठेवीत असे, आणि म्हणून उन्हाळ्यातील ताज्या मालाचा मोठा हिस्सा त्या ऋतूत खाण्यासाठी कधीच नव्हता.

बाहेरच्या माणसाला या अन्नाची ओळख झाली ती जलमार्गाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून धरमतर व रेवस या बंदरांकडे आगबोटी जाऊ लागल्या. येताना चाकरमानी आणि जाताना नारळ, भाजीपाला, कांद्याच्या माळा, मासळी अशी ही दुहेरी वाहतूक होती. पावसाळ्यातील या मार्गाचा धोका १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळला. पुढे मुंबई-गोवा महामार्ग आणि एसटी यांनी वाहतूक जमिनीवर आणली, व पेण, वडखळ, कार्लेखिंड, नागाव येथील रस्त्याची कडच बाजार झाली : भातखाचरांत पिकलेली कलिंगडे, पांढऱ्या कांद्याच्या माळा, जांब, ताडगोळे, कोकम सरबत. तोवर पाहुण्याला घरी बसवून वाढायचे अन्न विकत मिळत नसे. प्रवासी दशम्या-चटणीची शिदोरी बांधून निघत. पर्यटन विकास महामंडळाची ‘न्याहरी व निवास’ योजना आणि नागाव, दिवेआगर, श्रीवर्धन येथील वाड्यांतल्या घरगुती खाणावळी यांनी सोलकढी, बिरडे, उकडीचे मोदक आणि तळलेली मासळी यांना दर लावला. त्यातून वाडीवाल्या घरातील स्त्रीच्या कष्टाला प्रथमच रोख मोबदला मिळू लागला, ही जमेची बाजू. वर्षभर तेच ताट मागणाऱ्या पाहुण्यामुळे ऋतूचा हिशेब सैल झाला, ही खर्चाची.

गेल्या काही वर्षांतील तीन घटनांनी हा इतिहास एकत्र आणला. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारींसह प्रवासी नेणारी रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईकराला अलिबागची वाट तासाभराची झाली. ३ जून २०२० रोजी, आगोटीच्याच दिवसांत, निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले व मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील माड-पोफळींच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. त्यानंतर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कांदा हे एका हंगामाचे पीक असल्याने त्याचे नाव व भाव लगेच सावरता येतो. वाडीचे तसे नाही. नव्याने लावलेली पोफळ साधारण पाच-सहा वर्षांनी आणि उंच जातीचा माड सहा-सात वर्षांनी धरू लागतो, आणि त्या सावलीतली मिरी, केळी व जायफळ त्यानंतर पूर्वीसारखी उभी राहतात. पाहुण्याला वाटेत मिळणारे शहाळे सकाळी उतरवलेले असते, परंतु ते ज्या माडावरून येते तो बहुधा विकणाऱ्याच्या आजोबांनी लावलेला असतो, आणि २०२० नंतर लावलेल्या वाडीचा भर पुढच्या पिढीच्याच हाती पडणार आहे.